व्हीआर राइडचा आराखडा कसा करावा: कल्पनारम्य उद्यानासाठी पहिल्यांदाच काम करणाऱ्यांना

कोल्हापूरपासून काही अंतरावर उभ्या राहत असलेल्या एका लहान करमणूक उद्यानासाठी आठ आसनांची व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) राइड, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून हलत्या आसनात बसून करायची आभासी सफर, तयार करण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा आमच्या चौघांपैकी एकानेही असे काम पूर्वी केलेले नव्हते. मी यंत्र अभियंता, एक सहकारी ॲनिमेशन करणारा, दुसरा पॅनेल वायरिंगमधला जाणकार आणि चौथे आमचे फॅब्रिकेटर, ज्यांची शेड शिवाजी उद्यमनगरात आहे आणि ज्यांनी तोवर उसाच्या ट्रॉल्या व गुऱ्हाळाचे चरक यांपलीकडे काही बनवले नव्हते. राइड आज चालू आहे. मात्र नऊ-दहा महिन्यांच्या कामाला दीड वर्ष लागले, आणि त्याचे मुख्य कारण असे की आम्ही सुरुवात चित्रापासून केली. चार महिने खपून पाण्याखालचे एक देखणे नगर उभे केले, मग आसन आणले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यातला अर्ध्याहून अधिक भाग टाकून द्यावा लागला, कारण पडद्यावर सुंदर दिसणारी ती सफर आसनात बसल्यावर पोट ढवळून काढत होती.

व्हीआर राइडमध्ये डोळ्यांना एक दिसते आणि कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला दुसरेच जाणवते. या दोहोंत जितकी तफावत, तितकी मळमळ. म्हणून आधी आसन काय करू शकते ते ठरवावे आणि चित्र त्याच्या मापाने बेतावे. पुढील पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

कामाला लागण्यापूर्वी हाताशी पुढील गोष्टी असाव्यात.

- एक हेडसेट, तोही उद्यानात वापरणार आहात त्याच प्रकारचा
- ब्लेंडर हे मोफत मिळणारे त्रिमित सॉफ्टवेअर, आणि ते चित्र हेडसेटमध्ये चालवणारे युनिटी किंवा अनरिअल यांपैकी एक इंजिन (सॉफ्टवेअर)
- बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक
- सेकंदाला २४० चित्रे टिपणारा स्लो मोशन कॅमेरा असलेला मोबाइल
- मोजपट्टी, अंशमापक, स्टॉपवॉच आणि वाळूच्या पोत्या

वाळूच्या पोत्या कशाला, हे आठव्या पायरीत कळेल.

१. सर्वांत आधी रांग मोजा

कल्पना कितीही अद्भुत असली, तरी उद्यानाचा मालक विचारणार तो प्रश्न एकच असतो: तासाला माणसे किती बसतील? त्याचे उत्तर तुमच्याकडे पहिल्या बैठकीतच हवे. आमच्या राइडमध्ये आसने आठ. सफर ४ मिनिटांची, लोकांना बसवून पट्टे व हेडसेट चढवायला ३ मिनिटे, उतरवून पुसायला १ मिनिट, म्हणजे एक फेरी ८ मिनिटांची. तासाला साडेसात फेऱ्या, म्हणजे ६० माणसे. रविवारी उद्यानात हजार लोक आले आणि त्यातील निम्म्यांना बसायचे असेल, तर आठ तासांतही सगळ्यांची पाळी येणार नाही. बसवण्याची वेळ ३ मिनिटांवरून दीड मिनिटावर आणली, तर हीच संख्या ७३-७४ पर्यंत जाते, आणि त्यासाठी चित्रातील एक सेकंदही कापावा लागत नाही.

मोठ्या उद्यानांनाही हा धडा महागात शिकावा लागला आहे. जर्मनीतील युरोपा पार्कने २०१५ मध्ये आपल्या जुन्या रोलर कोस्टरवर हेडसेट आणले, त्यानंतर २०१६ मध्ये जगभरात अशा कोस्टरची लाट आली. इंग्लंडमधील आल्टन टॉवर्सच्या गॅलॅक्टिका या कोस्टरवरही त्याच वर्षी हेडसेट आले आणि काही वर्षांतच काढलेही गेले. जी गाडी मिनिटा-दीड मिनिटाला सुटायला हवी, ती हेडसेट बसेपर्यंत फलाटावर खोळंबून राहते, हे या लाटेतून सगळ्यांनाच दिसले.

आम्ही वेळ वाचवला तो दोन उपायांनी. एक म्हणजे हेडसेटचे दोन संच ठेवले, जेणेकरून एक संच फिरत असताना दुसरा पुसून तयार होतो. दुसरे म्हणजे चष्मा, टोपी, फेटा, अंबाडा आणि खांद्यावरची ओढणी यांचा बंदोबस्त आसनात बसल्यावर न करता आधीच्या खोलीत करायचा. लग्नाहून थेट आलेल्या मंडळींच्या गजऱ्यावरून हेडसेटचा पट्टा बसवण्यात एकेकदा दोन मिनिटे जात, ही गोष्ट कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही.

२. प्रवासी कशावर बसला आहे, ते ठरवा

कल्पनारम्य उद्यानात गोष्ट हवीच, पण राइडच्या गोष्टीतील पहिले पात्र म्हणजे आसन. ते गोष्टीत कोण आहे, यावर त्याची सगळी हालचाल ठरते. आमची पहिली गोष्ट नावेची होती: रंकाळ्यात नाव बुडते आणि तळाशी एक नगर दिसते. ती का फसली, ते चौथ्या पायरीत सांगतो. नंतर आम्ही नाव सोडून चतुर घेतला, लहानपणी आम्ही ज्याला हेलिकॉप्टर म्हणत असू तोच. प्रवासी गव्हाच्या दाण्याएवढे होतात, पळसाच्या द्रोणात बसतात, आणि तो द्रोण पायांत धरून चतुर तळ्याकाठच्या गवतातून उडतो. चतुर झटकन पुढे सरकतो, हवेत थांबतो, पुन्हा झटकन बाजूला जातो. आणि नेमके असेच हलणे लहान यंत्राला झेपते. शिवाय द्रोणाची कड प्रवाशाच्या नजरेसमोर सतत स्थिर राहते. भोवतालचे जग फिरत असताना डोळ्यांना टेकायला अशी एखादी स्थिर चौकट असली की मळमळ बरीच कमी होते, म्हणून वाहन कोणतेही घ्या, पण त्याची कड, दांडा किंवा खिडकी चित्रात राहू द्या.

गोष्ट निवडताना दोन सावधगिरी बाळगा. लोकप्रिय चित्रपटातील किंवा मालिकेतील पात्र लेखी परवान्याशिवाय घेऊ नका. थोडेसे बदलून घेतले तरी ते अंगाशी येते. आणि देवदेवता व देवस्थाने राइडमध्ये आणू नका. लोक पायताण घालून बसणार, पाय लोंबते असणार, कोणी किंचाळणार, एखाद्याला उलटी होणार. अशा जागी श्रद्धेचा विषय आणून कोणाचेच भले होत नाही.

बाहेरच्या खोलीवर मात्र मोकळ्या हाताने खर्च करा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरासुद्धा स्वतः घडवला आणि पडदे रंगवण्याची कला पुढच्या पिढ्यांना दिली, त्या गावात रंगवलेले गवत आणि फायबरचे महाकाय कमळ करणारे हात शोधावे लागत नाहीत. आमचे द्रोण बापट कॅम्पातील एका मूर्तिकाराने साच्यातून काढून दिले, आणि हेडसेट घालण्यापूर्वीच मुले त्यांवर हात फिरवून पाहतात.

३. यंत्र निवडा आणि त्याच्या मर्यादा भिंतीवर लिहून ठेवा

मोशन प्लॅटफॉर्म, म्हणजे आसने हलवणारे यंत्र, साधारण दोन प्रकारचे मिळते. तीन दिशांचा प्लॅटफॉर्म पुढे-मागे कलतो, डावी-उजवीकडे कलतो आणि वर-खाली होतो. सहा दिशांचा प्लॅटफॉर्म याखेरीज पुढे-मागे सरकतो, बाजूला सरकतो आणि उभ्या अक्षाभोवती वळतो. सहा दांड्यांवर उभ्या असलेल्या या रचनेला स्टुअर्ट प्लॅटफॉर्म म्हणतात आणि विमानाच्या सिम्युलेटरमध्येही तीच वापरतात. पहिल्या कामाला तीन दिशा पुरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. सहा दिशांचे यंत्र महाग असते, त्याची देखभाल किचकट असते, आणि नवखा माणूस त्यातील तीन दिशा नीट वापरत नाही व उरलेल्या तीन चुकीच्या वापरतो.

विक्रेत्याकडून पाच आकडे लेखी घ्या: माणसांसह किती वजन पेलते, प्रत्येक दिशेला किती अंतर किंवा किती अंश हलते, कमाल वेग किती, आज्ञा दिल्यापासून हलायला किती वेळ लागतो, आणि वीज गेल्यावर ते कोणत्या स्थितीत येऊन थांबते. शेवटचे दोन आकडे माहितीपत्रकात बहुधा नसतात, म्हणून तेच आग्रहाने मागा. इंडियन असोसिएशन ऑफ अम्युझमेंट पार्क्स अँड इंडस्ट्रीज ही संस्था दरवर्षी मुंबईत प्रदर्शन भरवते. तेथे जाऊन पाच-सहा यंत्रांवर स्वतः बसा, आणि प्रत्येक वेळी एक फेरी हेडसेटशिवाय मारा, कारण यंत्राचा धक्का आणि आवाज चित्राआड लपून जातो.

४. हालचालीचा आराखडा: नंदीचे गणित

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

रंकाळ्याच्या नंदीची आख्यायिका कोल्हापुरात लहानपणी ऐकली नाही, असा माणूस विरळा. हा नंदी रोज गहूभर पुढे सरकतो आणि तांदूळभर मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यापर्यंत पोहोचेल त्या दिवशी जगबुडी होईल, असे सांगतात. मोशन प्लॅटफॉर्मचे निम्मे शास्त्र या नंदीत आहे. फरक इतकाच की आपल्या नंदीला जितके पुढे गेला तितके मागे यावेच लागते, आणि मागे येताना प्रवाशाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नसतो.

यंत्राची धाव मोजकीच, आमच्या यंत्राची वर-खाली अवघी २० सेंटिमीटर. चित्रात चतुर शंभर मीटर उडतो आणि आसनाकडे वीतभर जागा आहे. तोलाच्या इंद्रियाला एकसारखा वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. म्हणून चतुर निघतो त्या क्षणी आसनाला ठळक झटका द्यायचा आणि पुढे तो एकसारख्या वेगाने उडत असताना आसन इतक्या हळू मधल्या स्थितीत आणायचे की पुढच्या झटक्यासाठी जागा तयार राहील. या गुपचूप परतीला वॉशआउट म्हणतात. मोशन सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार गाळणी (फिल्टर) असते, पण तिचे आकडे तुम्हालाच लावावे लागतात, आणि ते माणूस बसवून लावावे लागतात.

वेग बराच वेळ वाढत राहिल्याचा भास हवा असेल, तर आसन मागे कलवा. पाठ आसनात दाबली जाते आणि डोळ्यांसमोर जग पुढे धावत असते, तेव्हा मेंदू पृथ्वीच्या ओढीलाच वेगवाढ समजतो. आसन १५ अंश कलले, तर पाठीवर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका दाब येतो, आणि तेवढा पुरतो. मात्र कलण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ अंशांच्या आत ठेवा. त्याहून वेगाने कलवले, तर आपल्याला मागे झुकवले जात आहे हे प्रवाशाला कळते आणि जादू संपते. म्हणजे १५ अंशांना ५ सेकंद लागणार; तेव्हा चित्रातील वेगवाढही ५ सेकंदांत पसरलेली हवी. आमच्या पहिल्या चित्रात ती एका सेकंदात होती.

आता उंचावरून पडण्याविषयी. प्रत्येक नवख्याला दरीत कोसळायचे असते. आम्हालाही पन्हाळ्याच्या कड्याएवढी घसरण हवी होती. हिशेब करून पाहा: २० सेंटिमीटर मोकळे पडायला अवघा ०.२ सेकंद लागतो, आणि त्यातही खाली आपटू नये म्हणून शेवटचा भाग थांबण्यासाठी राखून ठेवावा लागतो. चित्रात पाच सेकंद कोसळत राहिलात, तर उरलेला सगळा वेळ शरीर जागेवर बसलेले असते आणि डोळे पडत असतात. त्याऐवजी घसरण अनेक छोट्या टप्प्यांत तोडा: पानावरून पानावर, प्रत्येक पानावर एक ठोका. लोकांच्या किंकाळ्या त्यालाही तितक्याच निघतात.

आणि आता नाव का बुडाली ते. संथ लाटेवर ती सुमारे ५ सेकंदांत एकदा वर-खाली होत असे, आणि पाहायला ते फार राजस वाटे. नेमकी हीच लय माणसाला सर्वांत जास्त लागते. सेकंदाला ०.२ आवर्तने, म्हणजे ५ सेकंदांना एक हेलकावा, या आसपास मळमळ शिखरावर असते. बोट लागण्याचे कारणही तेच. पहिल्या चाचणीला आलेल्या बारा जणांपैकी चौघे अर्ध्यात उतरले, आणि त्यातला एक आमचा ॲनिमेशनवाला होता, ज्याने ती लाट स्वतः रंगवली होती. हेलकावा हवाच असेल तर त्याची लय बरीच जलद ठेवा, तीही मोजक्या क्षणांपुरती. त्याच न्यायाने हत्तीची अंबारी, पाळणा आणि गलबत या तिन्ही कल्पना ऐकायला गोड आणि बसायला वाईट आहेत.

आडवे गरगरणे शक्यतो टाळा. वळण द्यावे लागले, तर आधी नजर त्या दिशेला वळेल असे काहीतरी दाखवा आणि मग वळवा. चित्र एका बाजूला कलते तेव्हा आसन कललेच पाहिजे. आसन कलत नसेल, तर चित्रातील क्षितिज सपाट राहू द्या.

५. हेडसेटची फसगत आणि यंत्राचा उशीर

येथे आम्ही तीन आठवडे घालवले, तुम्ही तीन दिवसांत सुटाल. हेडसेटमधील संवेदक डोके किती वळले ते मोजतात, पण डोके स्वतःहून वळले की आसनाने वळवले, हा भेद त्यांना कळत नाही. आसन १० अंश उजवीकडे कलले, तर हेडसेट समजतो की प्रवाशाने मान १० अंश कलती केली. इकडे चित्रातील द्रोणही १० अंश कललेला असतो, आणि दोन्हींची बेरीज होऊन जग २० अंश कललेले दिसते. उपाय असा की आसनाच्या चौकटीवर हालचाल मोजणारा एक वेगळा ट्रॅकर पक्का बसवायचा आणि त्याने मोजलेली हालचाल हेडसेटच्या मोजणीतून वजा करायची. यंत्राला दिलेली आज्ञा वजा करू नका, प्रत्यक्ष मोजलेली हालचाल वजा करा. त्या दोहोंत उशिराचा फरक असतो आणि तोच थरथर होऊन डोळ्यांसमोर येतो. खेरीज काही फेऱ्यांनंतर चित्राची समोरची दिशा हळूहळू सरकते, म्हणून ऑपरेटरच्या हाताशी सर्व हेडसेट एकदम सरळ करणारे एक बटण द्या.

उशीर मोजण्याची घरगुती पद्धत सांगतो. एकाच आज्ञेने शेजारचा मॉनिटर पांढरा होईल आणि त्याच क्षणी आसनाला झटका बसेल, अशी व्यवस्था करा. आसनावर पांढरी चिकटपट्टी लावा, दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइल उभा करा आणि सेकंदाला २४० चित्रे या गतीने टिपा. मॉनिटर उजळल्यापासून पट्टी हलेपर्यंतची चित्रे मोजा. प्रत्येक चित्र सुमारे ४ मिलिसेकंदांचे. आमच्याकडे ३१ चित्रे भरली, म्हणजे सुमारे १३० मिलिसेकंद. राइडचा मार्ग आधीच ठरलेला असतो, हा येथे आपला मोठा फायदा: आसनाला मिळणाऱ्या आज्ञा चित्रापेक्षा तेवढ्याच आधी सोडायच्या, की दोन्ही एकत्र पोहोचतात. मोजणी रिकाम्या आसनावर करू नका. वजन चढल्यावर आकडा बदलतो.

६. आता चित्र

आधी सगळी सफर राखाडी ठोकळ्यांत करा. झाड म्हणजे खांब, चतुर म्हणजे विटेएवढा ठोकळा. या ठोकळ्यांत बसून दहा माणसे ठणठणीत उतरली, की मगच रंग भरा. चित्रांची गती सेकंदाला ९० ठेवण्याचा प्रयत्न करा, म्हणजे एक चित्र काढायला संगणकाला ११ मिलिसेकंद मिळतात. डोके वळल्यापासून नवे चित्र दिसेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या आत आटोपले पाहिजे. गवताचे प्रत्येक पाते सुटे काढण्याचा मोह आवरा. आमच्या शेडमध्ये मे महिन्यात हेडसेट तापून गती घसरू लागली, तेव्हा अर्धे गवत कापावे लागले आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

लुकलुकणारे दिवे, वीज, जादूचे स्फोट यांत सेकंदाला तीनहून अधिक लखलखाट नको. अपस्माराचा त्रास असलेल्यांना त्यातून झटका येऊ शकतो.

७. आवाज, वारा आणि पाण्याचे शिंतोडे

प्रवासी कुठे पाहील ते तुमच्या हाती नसते, पण कुठून आवाज येईल ते असते. जिकडे पाहावेसे वाटावे तिकडून आधी आवाज द्या. शब्द कमीत कमी ठेवा, कारण रांगेत कोकणातील, बेळगावकडील आणि घाटावरचे लोक एकत्र उभे असतात. चेहऱ्यावर येणारा साधा पंख्याचा वारा, उडण्याच्या वेगाशी जुळवलेला, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पाण्याचे शिंतोडे आम्ही महिनाभरात बंद केले. भिंगे पुसण्यातच फेरी जात होती.

८. सुरक्षेचा आराखडा

हेडसेट घातलेला माणूस त्या चार मिनिटांपुरता आंधळा असतो, हे लक्षात ठेवून प्रत्येक बाब तपासा. दोन आसनांतील अंतर हात पसरला तरी शेजाऱ्याच्या नाकावर बसणार नाही इतके हवे. प्लॅटफॉर्म आणि जमीन यांच्यामधील फट पूर्ण झाका, कारण बोटे आणि पदर तेथेच सापडतात. सर्व पट्टे लागल्याशिवाय यंत्र सुरूच होऊ नये, अशी विद्युत जोडणी करा. ऑपरेटरच्या नजरेवर विसंबू नका. पाय लोंबते असतील तर पायताण आधी काढून घ्या. चाचणीत एक कोल्हापुरी चप्पल सुटून थेट पॅनेलच्या दारावर आदळली होती.

आणीबाणीचे लाल बटण दाबल्यावर यंत्र थांबते, पण प्रवाशाचे काय होते, हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. चित्र चालूच राहिले तर तो अजून उडत असतो. चित्र काळे झाले तर तो घाबरून पट्टा ओढू लागतो. आमच्याकडे बटण दाबताच हेडसेटचा बाहेरचा कॅमेरा सुरू होतो, समोरची खरी खोली दिसते आणि ऑपरेटरचा आवाज कानात येतो. वीज गेली तर आसन अलगद खाली आले पाहिजे, आणि नियंत्रण, दिवे व ध्वनिक्षेपक यूपीएसवर चालले पाहिजेत. हे सगळे आधी वाळूच्या पोत्या बसवून तपासा: पूर्ण भार, अर्धा भार, आणि सगळा भार एकाच बाजूला, कारण आठ आसनांत चारच माणसे आली की ती बहुधा शेजारी-शेजारीच बसतात.

आगीबाबत हयगय करू नका. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनमध्ये लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक जीव गेले, त्यांत लहान मुलेही होती. सजावटीचा फोम, थर्माकोल आणि पडद्याचे कापड हे कल्पनानगरीचे आवडते साहित्य झपाट्याने पेटते. बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवा, चार्जिंगची जागा प्रवाशांच्या वाटेपासून वेगळी करा, आणि उद्यान सुरू असताना वेल्डिंग करू देऊ नका.

९. कागदपत्रे

जागा महानगरपालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, हे पहिल्याच दिवशी पाहा, कारण परवानगीची दारे त्यावर ठरतात. आम्ही दोन महिने चुकीच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. पुढील फाइल तयार ठेवा.

- यंत्राची रेखाचित्रे, भाराचे हिशेब आणि विक्रेत्याची तांत्रिक पुस्तिका
- शेड व पाया यांसाठी स्ट्रक्चरल अभियंत्याचे स्थिरता प्रमाणपत्र
- अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला, आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलैमध्ये घ्यावयाचे, आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ब नमुन्यातील प्रमाणपत्र
- वीजभार मंजुरी आणि अर्थिंगचा तपासणी अहवाल
- धोक्यांची यादी आणि प्रत्येकावरील उपाय
- त्रयस्थ तपासणी अहवाल
- सार्वजनिक दायित्व विमा
- संगीत, आवाज व चित्र यांच्या हक्कांचे लेखी करार
- ऑपरेटरसाठी मराठीतील पुस्तिका आणि रोजची नोंदवही

राइडच्या सुरक्षेसाठी आयएसओ १७८४२ हे मानक आहे. त्याच्या तीन भागांत आराखडा व उत्पादन, वापर आणि तपासणी असे विषय येतात. आराखडा करण्यापूर्वी ते वाचा. आम्ही तपासनीस दारात आल्यावर वाचले.

गरोदर स्त्रिया, हृदयविकार, अपस्मार, मान व पाठीची दुखणी असलेल्यांसाठी सूचना, तसेच उंचीची आणि वयाची अट रांगेच्या सुरुवातीलाच लावा. वयाची अट हेडसेटच्या पुस्तिकेत दिलेलीच पाळा, मग आईवडिलांनी कितीही गळ घातली तरी.

१०. माणसे बसवून चाचणी, आणि पहिला महिना

मित्रांवर चाचणी घेऊ नका. ते कौतुक करतात. आम्ही भाजीवाल्या मावशी, एक निवृत्त मुख्याध्यापक, तालमीतील दोन पैलवान आणि शाळकरी मुले अशी माणसे बोलावली. प्रत्येकाला उतरल्यावर लगेच आणि अर्ध्या तासाने पुन्हा, असे दोनदा विचारा, कारण मळमळ कधी कधी उशिरा चढते. पैलवानांच्या मानेवरून पट्टे पुरेनात, आणि मावशींनी पहिल्या वळणालाच डोळे मिटून घेतले व शेवटपर्यंत उघडले नाहीत. त्या वळणाचा वेग आम्ही त्याच संध्याकाळी कमी केला.

पहिल्या महिन्यात हेडसेटचे हाल होतात. भिंगांवर उन्हाची तिरीपही पडू देऊ नका, भिंग उन्हाला एकवटते आणि आतील पडदा कायमचा जळतो. आमचा एक हेडसेट दुपारी खिडकीशी ठेवल्याने असाच गेला. भिंगे कोरड्या मऊ कापडानेच पुसा, स्पिरिट फक्त बाहेरच्या भागांना. पावसाळ्यात वातानुकूलित कपाटातून काढलेला हेडसेट दमट हवेत लगेच धुरकटतो, म्हणून पाळीच्या दहा मिनिटे आधी तो बाहेर काढून सुरू ठेवा. चेहऱ्याला टेकणारा फोम काढून धुता येईल असाच घ्या, आणि त्यावर प्रत्येकाला नवी कागदी पट्टी द्या.

चैत्रात जोतिबाची यात्रा करून परतणारी मंडळी वाटेत उद्यानात शिरली, तेव्हा आमच्या सोळापैकी अकरा हेडसेटचे फोम एका दुपारीत गुलाबी झाले आणि भिंगांच्या कडांत गुलाल जाऊन बसला. तेव्हापासून दारात पाण्याचे पिंप, साबण आणि टॉवेलांची चळत असते, आणि यात्रेच्या आठवड्यात काळ्या फोमचा एक जादा संच कपाटात तयार असतो.